बाहुलीघरातली बाई

बोटाएवढ्या लाकडी बाहुलीला एक धडधाकट बाई घाबरते, असं कुणी सांगितलं तर आपण हसू. पण आपली चष्मेवाली गेले पाच बुधवार तिला घाबरत होती, आणि आज सहावा होता.

चष्मेवाली म्हणजे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणारी आणि फ्रेममध्ये बसवणारी. पुढे आरसे, दिवे आणि गोड बोलणारे विक्रेते. मागे ही, एक घासायचं चाक आणि स्क्रूंच्या डब्या. हात असा की दुसऱ्याला धड दिसायचाही नाही असा स्क्रू ही एका दमात बसवणार. तोंडही तसंच, फटकळ. नवरा चार वर्षांपूर्वी दुसरा संसार थाटून मोकळा झाला, तेव्हाही ती डोक्याला हात लावून बसली नाही. "गेला तर गेला, निदान घोरणं तरी थांबलं," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर. पदरात पोरगी, आता सहा वर्षांची. तिला सगळी इमारत रेडिओ म्हणायची. सकाळी डोळे उघडले की सुरू, ती झोपेपर्यंत. समोरचे आजोबा तर म्हणायचे, या पोरीला बटणच बसवलेलं नाही.

तो रेडिओ दोन महिन्यांपूर्वी बंद पडला. शाळेत नाही, घरात नाही, कुणाशी एक अक्षर नाही. रात्री अंथरूण ओलं. आई स्वयंपाकघरात गेली की मागोमाग स्वयंपाकघरात, आई आंघोळीला गेली की ही दाराबाहेर फरशीवर बसलेली. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले, जीभ बाहेर काढायला लावली आणि सगळं ठीक आहे म्हणाले. ठीक काय, कपाळ.

मग पोरीची आत्या आली. आत्या वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. पोरीवर तिचा जीव होता आणि भावाने जे केलं त्याची लाजही होती. "वहिनी, तुझ्याच्यानं हे होत नाहीये," ती म्हणाली. "तू दिवसभर कामावर. पोरगी सुकत चाललीये. माझ्याकडे दे तिला." चष्मेवालीने नेहमीप्रमाणे दोन सुनावले. आत्या उठली आणि सरळ जाऊन बालकल्याण कार्यालयात अर्ज देऊन आली. तिथल्या साहेबांनी ठरवलं की पोरीला आठ बुधवार खेळातून उपचार करणाऱ्या बाईंकडे न्यायचं. त्या बाई शेवटी अहवाल देतील, आणि पोरगी कुठे राहणार ते त्यावरून ठरेल.

पोरीची वाचा का गेली, ते चष्मेवालीला माहीत होतं. जगात फक्त तिला आणि पोरीला.

त्या दिवशी दुकानात चौदा चष्मे दुसऱ्या सकाळपर्यंत हवे होते. सात पुरे झाले, सात ती घरी घेऊन आली. ताटात स्क्रू ओतले आणि दिव्याखाली बसली. रेडिओ सुरूच. आई, मुंगीला गुडघे असतात का. आई, बघ ना. आई, तू बघतच नाहीस. आणि मग ताट उलटं झालं. साठ-सत्तर स्क्रू फरशीवर, कपाटाखाली, देव जाणे कुठे. चष्मेवाली उठली, हात उगारला आणि खाली घेतला. मारलं नाही. त्याऐवजी म्हणाली, "मी चालले. आता परत येणारच नाही. रहा एकटी." बाहेर पडली आणि कडी लावली.

पाच मिनिटांत परतायचं, एवढंच मनात होतं. जिना उतरताना पोरीचे तळवे दारावर आपटताना ऐकू येत होते. ती खाली गेली, कोपऱ्यावरच्या बाकावर बसली, आणि तिला बरं वाटलं. हेच तर तिला कुणाला सांगता येत नव्हतं. कुणी काही विचारत नव्हतं, कुणी आई म्हणत नव्हतं, आणि तिला इतकं बरं वाटलं की ती पावणेदोन तास तिथे बसून राहिली. वर आली तेव्हा दारावरचे धक्के थांबले होते. पोरगी दाराला चिकटून उभी, फ्रॉक ओला, नखांखाली दाराचा रंग. तिने आईकडे बघितलं आणि काहीच म्हणाली नाही. त्यानंतर आजतागायत नाही.

हे अहवालात गेलं की पोरगी गेली. चष्मेवालीच्या मनात एवढं एकच गणित होतं, आणि ते चोवीस तास डोक्यात फिरत होतं.

उपचाराची जागा साधीच होती. एक लांब बोळ, त्यात पालकांसाठी बाक, आणि खेळाची खोली. दाराला बाहेरून कडी, संध्याकाळी कुलूप घालायला, आणि वर टीचभर काच. आत वाळूचा ट्रे, रंग, प्राणी, डॉक्टरांची पेटी आणि एका बाजूने उघडं असलेलं बाहुलीघर. प्रत्येक खेळण्याची जागा ठरलेली. ज्या मुलाला आपल्या घरात पायाखालची जमीन हललेली वाटते, त्याला इथे आल्यावर वाघ वाघाच्या जागी आणि बाहुली बाहुलीच्या जागी सापडली पाहिजे, असं तिथल्या बाईंचं म्हणणं. या बाईंना सगळी मुलं खेळताई म्हणायची. पन्नाशीच्या, गुडघे दुखत असूनही जमिनीवरच बसणाऱ्या, आणि आवाज कधीही न चढवणाऱ्या.

पहिल्या दिवशी त्यांनी पोरीला सांगितलं होतं, "इथे काय खेळायचं ते तू ठरवायचं. बोलायचं की नाही तेही तूच. कुणाला इजा करायची नाही, एवढा एकच नियम." आणि चष्मेवालीला सांगितलं होतं, "मोठ्या माणसाला दुःख झालं की ते बोलतं. लहान मूल खेळतं. तिला घाई करायची नाही, आणि घरी गेल्यावर काय खेळलीस म्हणून विचारायचं नाही. आणि खोलीत तुम्ही यायचं नाही."

चष्मेवाली हो हो म्हणाली आणि दार लागल्या लागल्या तिने टाचा उंचावून काचेला डोळा लावला.

पोरगी थेट बाहुलीघराकडे गेली होती. तिने हिरव्या झग्याची लाकडी बाई उचलली, इवलंसं दार उघडलं, बाईला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. खेळताई बाजूला बसून शांतपणे म्हणाल्या, "बाई बाहेर गेली. दार लागलं. आत छोटी एकटीच आहे."

चष्मेवाली काचेपासून मागे सरली आणि बाकावर बसली ते वेळ संपेपर्यंत उठली नाही.

आता खेळताईंची पद्धतच ती. त्या प्रश्न विचारत नाहीत. मूल जे करतं ते फक्त बोलून दाखवतात, म्हणजे मुलाला कळतं की कुणीतरी आपल्याकडे बघतंय. पण चोराच्या मनात चांदणं. चष्मेवालीला वाटलं, ही पोलिसांची युक्ती आहे. गोड बोलून पोरीकडून एकेक धागा काढून घेतायत आणि मग वहीत टिपतायत. दुसऱ्या बुधवारी तेच, तिसऱ्या बुधवारी तेच. काचेतून बघायचं, हिरवी बाई दाराबाहेर पडली की बाकावर येऊन बसायचं. पाचव्या बुधवारी तर पोरीने त्या बाईला घरापासून लांब, खिडकीच्या कट्ट्यापर्यंत नेलं. म्हणजे कोपऱ्यावरचा बाकही हिला माहीत आहे की काय, या विचाराने चष्मेवाली बोळात येरझारा घालत राहिली.

आणि आज, सहाव्या बुधवारी, वेळ संपल्यावर खेळताई वाळूने भरलेले हात धुवायला पोरीला बोळाच्या टोकाला घेऊन गेल्या. खोलीचं दार उघडं होतं. पोरीचा स्वेटर आत खुर्चीवर राहिला होता. स्वेटर घ्यायला म्हणून चष्मेवाली आत शिरली, आणि ज्या हातांना केसाएवढा स्क्रू उचलायची सवय, त्यांना एक बाहुली उचलायला कितीसा वेळ लागणार. हिरवी बाई पर्समधल्या चष्म्याच्या डबीत गेली. बाहेर आली तेव्हा पोरगी ओले हात झग्याला पुसत उभी होती. "चला," चष्मेवाली म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

आता बाईच नाही तर बाई बाहेर कशी जाणार, असा तिचा हिशोब. अक्कल गहाण पडली की माणूस असंच काहीतरी करतं. आठवडाभर तिने डबी उघडली नाही. दोनदा कचऱ्यात टाकायला गेली आणि दोन्ही वेळा परत घेऊन आली, का ते तिलाच कळेना. एकदा दुकानात गिऱ्हाइकाला चुकून तीच डबी द्यायला निघाली होती. विक्रेत्याने हात पुढे केला आणि हिने डबी अशी हिसकावली की तो बघतच राहिला. "ताई, त्यात हिरे आहेत का?" म्हणाला.

सातवा बुधवार आला. आत्याही पाच वाजता येणार होती, पोरीला बघायला. चष्मेवालीने पोरीला दारातून आत सोडलं आणि आज ती काचेपाशी गेलीच नाही. बाकावर बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग वस्तू सरकवल्याचा आवाज. मग खेळताईंचा, नेहमीपेक्षा हळू. "बाई शोधतेस. ती इथेच असते. आज दिसत नाहीये." पुन्हा सरकवासरकव, आता जोरात. टोपली उपडी झाली. "छोटीला बाई हवीये. सगळीकडे बघून झालं. फार भीती वाटतेय तिला." मग पावलांचा धावत येणारा आवाज आणि दारावर तळवा आपटला.

एकदा, दोनदा, मग थांबेचना. तोच आवाज, जिन्यावरून ऐकलेला. आणि चष्मेवाली पुन्हा त्याच दाराच्या बाहेरच्या बाजूला होती. उठून जावं, जिना उतरावा, वाटेतल्या पुलावरून डबी पाण्यात फेकावी आणि विचारलं तर म्हणावं मला काय माहीत. एक क्षण तिने हे सगळं खरंच मनात करून बघितलं. आतून नखं लाकडावर घासल्याचा आवाज आला.

तिने दार उघडलं.

पोरगी तिच्या गुडघ्यांवर आदळली. चेहरा पांढराफटक, तोंड उघडं, आवाज नाही. चष्मेवाली खाली बसली. डबी उघडता उघडेना. एरवीच्या त्या हुशार हातांना तिची कड सापडेना. शेवटी उघडली आणि हिरवी बाई पोरीच्या हातात दिली.

"मी घेतली होती," ती खेळताईंना म्हणाली. "चोरली. आणि ते खरं आहे, हिने जे दाखवलं ते. मी हिला कोंडून गेले होते. पावणेदोन तास. येणार नाही म्हणाले आणि गेले. तिचा काही दोष नाही, घसाबिसा काही नाही, मीच केलं." एवढं बोलून तिला धाप लागली. "तुम्ही सहा आठवडे बघताय, ती मला दर वेळी घराबाहेर काढतेय."

खेळताई दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून समोर बसल्या. "आणि परत आणतेय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"प्रत्येक वेळी ती बाई परत येते. कधी लगेच, कधी खूप वेळाने, पण येते. दार उघडते, आत येते, मग छोटी झोपते. हेच चाललंय सहा आठवडे. तुम्ही काचेतून बघत होता ना, मला दिसायचं. शेवटपर्यंत नाही बघितलंत का?"

चष्मेवालीने मान हलवली. तिने एकदाही बघितलं नव्हतं. पोरगी दर बुधवारी आईला परत आणायचा सराव करत होती आणि आईनेच आईला पळवून नेलं होतं. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

"हे लिहाल तुम्ही," ती म्हणाली.

"लिहावं लागेल. आज तुम्ही जे सांगितलंत तेही लिहीन. कार्यालय काय ठरवेल ते मी आता सांगू शकत नाही. खोटा धीर नाही देणार तुम्हाला."

इतका वेळ पोरगी दोघींच्या मधे उभी होती. आता तिने हिरवी बाई जागेवर ठेवली, येऊन आईचं बोट धरलं आणि ओढलं. खोलीच्या कोपऱ्यात नेलं. खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. मग आईच्या ओठांवर बोट ठेवलं.

चष्मेवालीने खेळताईंकडे बघितलं. "ती ठरवेल," खेळताई म्हणाल्या. "खेळ तिचा आहे. तुम्हाला झेपत असेल तरच." आणि उठून पोरीच्या मागे बाहेर गेल्या.

दार लागलं. बाहेरून कडी सरकली.

खेळच तर आहे, चष्मेवाली मनात म्हणाली. बाहेर दोन पावलं वाजली, एक जड, एक हलकं, आणि लांब गेली. मग काहीच नाही. ती वाट बघत बसली. खोलीत घड्याळ नव्हतं. आता येतील, ती म्हणाली. मग म्हणाली, आत्तापर्यंत यायला हव्या होत्या. बोळातून कुणाचं तरी बोलणं आलं आणि विरलं. आवाज आत्याचा होता का? पाच वाजले असतील का? एकदम तिच्या डोक्यात आलं की आत्या आली, खेळताईंनी तिला सगळं सांगितलं, आणि दोघी पोरीला घेऊन गेल्यासुद्धा. कशाला थांबतील? कोंडणाऱ्या बाईकडे कोण पोर ठेवतं? ती उठणार होती, दार वाजवणार होती, ओरडणार होती. पण ओठांवर बोट ठेवून सांगितलेलं होतं. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. कान दाराला लागले, आणि दार काही उघडेना. मी काहीही करेन, ती म्हणत होती, कुणाला म्हणत होती कोण जाणे. काहीही करेन, फक्त ये.

किती वेळ गेला ते तिला नंतरही सांगता आलं नाही. खेळताई म्हणाल्या, चार मिनिटं.

कडी निघाली. पोरगी एकटी आत आली, खेळताई दारातच थांबल्या. पोरगी कोपऱ्यापर्यंत चालत आली आणि तिने आईच्या तोंडाकडे अगदी जवळून बघितलं, डोळ्यांखाली, गालांवर, काच तपासावी तसं. चष्मेवालीला हसून दाखवायची सवय होती, त्यात काय घाबरायचं म्हणायची सवय होती. ती तसं काही म्हणाली नाही.

"मला फार भीती वाटली," ती म्हणाली. "मला वाटलं तू येणारच नाहीस."

पोरीने थोडा विचार केला.

"अजून एकदा," ती म्हणाली.

दोन महिन्यांत पहिल्यांदा. आवाज जरा घोगरा झाला होता. दारात खेळताईंनी मान खाली घातली. चष्मेवालीने पोरीला कवेत घ्यायला हात उचलले, पण पोरगी केव्हाच मागे वळून दाराकडे निघाली होती. खेळ अजून संपला नव्हता.

चष्मेवालीने हात खाली घेतले आणि पाठ भिंतीला टेकवली. दार लागलं. या वेळी भीती आधीपेक्षा जास्त होती, कारण आता तिला माहीत होतं की आत बसून ती किती वाढते. ती कोपऱ्यात तशीच बसून राहिली.